जीप चालते

तो उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा.

नवं व्हर्जन तयार झालं की त्याचं पहिलं काम हेच. खुर्ची पुढे ओढायची, उजवा तळवा मांडीखाली सरकवायचा, डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर ठेवायची आणि म्हणायचं, "आधी जीप बघू." तुम्ही त्या वेळी आमच्या खोलीत आला असतात, तर तुम्हाला वाटलं असतं की या माणसाच्या हाताला काहीतरी झालंय. येणाऱ्या प्रत्येकाला तसं वाटायचं. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलंही, "हात दुखतोय का तुमचा?"

"माझा नाही," तो म्हणाला आणि खेळत राहिला.

लोणावळ्यात रुळांच्या बाजूला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. आम्ही म्हणजे तो आणि मी. मधूनमधून एखाददुसरा माणूस कामाला यायचा आणि पुण्यात नोकरी लागली की जायचा. आमचा धंदा संगणकावरचे आणि पुढे मोबाइलवरचे गेम बनवण्याचा. गेम मी बनवायचो, लोकांशी मी बोलायचो, काम मी आणायचो. तो गेम बनवत नसे. तो इंजिन बनवायचा.

घरमालकीणबाईंना आम्ही मावशी म्हणत असू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला विचारलं, "इंजिनाचं काम म्हणजे रेल्वेत आहात का?"

तो हसला नाही. दुसऱ्याचा प्रश्न त्याला कधी हसण्यासारखा वाटत नसे. म्हणाला, "मावशी, घाट चढताना गाडीला मागून इंजिन लावतात ना? ते इथं लोणावळ्यात काढून घेतात. आतल्या माणसांना ते कधी लागलं आणि कधी सुटलं, कळतही नाही. आमचं तसलं."

"म्हणजे काम करायचं आणि दिसायचं नाही," मावशी म्हणाल्या. "ते तर या घरात मीच करते."

याहून चांगलं मलाही समजावता येणार नाही. पडद्यावर तुम्हाला दिसतो तो गेम. पण वर फेकलेली वस्तू खाली पडली पाहिजे, उजेड कुठून येतो ते ठरलं पाहिजे, तुम्ही बोट दाबलं की गाडी हलली पाहिजे. हे सगळं खालून जे सांभाळतं ते इंजिन. एकदा ते बनवलं की त्यावर दहा गेम चढवता येतात. आणि इंजिन सुधारलं की त्यावरचे सगळे गेम आपोआप सुधारतात. किंवा बिघडतात. म्हणून प्रत्येक नव्या व्हर्जनला जुनं सगळं चालतंय का, हे तपासावं लागतं. त्याच्या लेखी जुनं म्हणजे जीप.

त्याचे वडील कामशेत ते पवनानगर जीप चालवायचे. सीटवर भाडं घेणारी, नऊच्या जागी पंधरा माणसं बसवणारी. वीस-बावीस वर्षं चालवली. मग एका सकाळी कामशेतच्या चौकात जीप भरत असतानाच त्यांची उजवी बाजू गेली. पाय थोडा सुधारला, वाचाही आली, उजवा हात मात्र लोंबकळत राहिला. जीप विकली. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. त्याची आई आधीच गेली होती. घरात दोघंच. दुपारचं जेवण शेजारच्या काकू आणून द्यायच्या.

एकदा डबा खाता खाता त्याने मला सांगितलं होतं. आबा दिवसभर ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. रस्त्यावरून जीप गेली, की त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जायचा. जीप पुढे गेली, की पाय हळूहळू वर यायचा.

"क्लच," तो म्हणाला. एवढंच. आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यातूनच पहिलं इंजिन झालं. ते लिहायला त्याला पाऊणएक वर्ष लागलं, आणि त्यावरचा पहिला गेम म्हणजे कामशेत–पवनानगर जीप. सगळं डाव्या हाताने. एक बोट ॲक्सिलरेटरला, एक ब्रेकला, दोन वळवायला. जुना संगणक त्याने आबांच्या खाटेशेजारच्या टेबलावर मांडला. पहिल्या व्हर्जनमध्ये जीप आडवी, सपाट. डोंगर म्हणजे हिरव्या पट्ट्या. इंजिनाचा आवाज त्याने स्वतःच्या तोंडाने काढून भरला होता.

आबांनी दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "गाडी हाय का काडेपेटी?"

त्याला राग आला असेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो आला तो कॅलेंडरचं फाटलेलं पान घेऊन. मागच्या कोऱ्या बाजूला आबांच्या तक्रारी लिहिलेल्या. आबा सांगायचे, हा लिहून घ्यायचा. पुढे ती रीतच पडली. त्यातलं एक पान माझ्याकडे अजून आहे. त्यावर असं लिहिलंय: पाशिंजर हात करतो, गाडी थांबवली तरी चढत नाही. ब्रेक फार मऊ आहे. खिंडीत समोरून येणारी एसटी कधीच बाजू देत नाही. आणि या शेवटच्या तक्रारीपुढे कंसात, त्याच्या अक्षरात: हे बरोबर आहे, बदलू नये.

दुसऱ्या व्हर्जनमध्ये रस्त्याला खोली आली, वळणं आली, आणि मुख्य म्हणजे वजन आलं. चढावर बोट उचललं तर जीप मागे घरंगळायची, आणि आत माणसं जास्त असली तर जास्त जोरात घरंगळायची. हे जमवायला त्याने किती दिवस घातले, मला माहीत आहे, कारण तेवढे दिवस मी त्याच्यावर चिडत होतो. त्या वेळी आमच्या हातात फळं कापण्याचा गेम होता. फळांना चढाची काय गरज?

पण आबा म्हणाले, "आता गाडीला वजन आलं." आणि तो त्या दिवशी मावशींसाठी पेढे घेऊन आला. मावशींना शेवटपर्यंत कळलं नाही कशाचे.

तिसऱ्या व्हर्जनमध्ये उजेड आणि धुकं आलं. पावसाळ्यात खिंडीत जे धुकं उतरतं, ज्यात ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड शोधत जातो, तसं. माशांची पाटी घेतलेली एक बाई वळणावर उभी असते, ती धुक्यातून आधी नुसती पाटी दिसते आणि मग बाई दिसते. आबांनी पूर्ण फेरी मारली म्हणे. मग म्हणाले, "व्हय. ही खिंड."

आमच्या गेममधल्या गाड्या लोकांना आवडायला लागल्या त्या याच व्हर्जनपासून. चढाला गाडी खरी वाटते, असं लोक म्हणायचे. मी बैठकांमधून सांगायचो की आम्ही यावर बराच अभ्यास केलाय. तो अभ्यास पवनानगरला खाटेवर बसलेला होता, हे मी कधी सांगितलं नाही. ही माझी लहान चूक. मोठी पुढे आहे.

त्याच्याकडे एक लांबट रजिस्टर होतं. प्रत्येक व्हर्जनला त्यात तो दोन रकाने करायचा. काय बदललं, काय बिघडलं. आणि सगळ्यात खाली, उजवा हात मांडीखाली दाबून एक पूर्ण फेरी मारून झाल्यावरच, एक ओळ लिहायचा: जीप चालते. ती ओळ लिहिल्याशिवाय नवं व्हर्जन बाहेर जायचं नाही. आणि बाहेर जाण्याआधी ते आबांकडे जायचं.

"पहिलं गिऱ्हाईक," तो म्हणायचा.

त्याला मित्र असे नव्हतेच. संध्याकाळी पाचला त्याचा फोन वाजायचा. दुसऱ्या कुणाचा फोन आलेला मी पाहिला नाही. आबांचा आवाज एवढा मोठा की मला माझ्या टेबलावर ऐकू यायचा. "निगाला का?" हा म्हणायचा, "निघतो." मग रुळांच्या कडेने स्टेशन, कामशेतपर्यंत गाडी, पुढे जीप. जीपमध्ये तो मागे, दाराजवळच्या सीटवर बसायचा. ड्रायव्हर आबांच्या ओळखीचे, पुढे बसायला बोलवायचे. तो जायचा नाही. पुढे बसलो की गप्पा माराव्या लागतात, म्हणायचा. लग्नाचं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने चष्मा पुसला.

आता चौथं व्हर्जन.

मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी खेळायचे दिवस आले होते. मुंबईची एक कंपनी आमचा गेम घेणार होती आणि त्यांची माणसं बघायला येणार होती. बोटांचा स्पर्श इंजिनापर्यंत पोचवण्याचा भाग नव्याने लिहायचा होता. तो त्याने अर्धा लिहिला आणि त्याचे डोळे आले. पावसाळ्यात आमच्याकडे घरोघरी येतात तसे. लाल, सुजलेले, चिकटलेले. आबांना लागण नको म्हणून तो घरी गेला नाही. आमच्या आतल्या खोलीत चटई टाकून राहिला. दिवसा काळा चष्मा लावून बसायचा. बाहेर दोन हातांवरचं दिसत नाही असं धुकं, आणि आत हा काळ्या चष्म्यात. मावशी म्हणाल्या, "तुम्हाला नक्की काय दिसतंय ते तरी सांगा."

उरलेला अर्धा भाग मी लिहिला. माझा भाग आणि त्याचा जुना कीबोर्डचा भाग एकमेकांत अडकत होते. गेम मध्येच दचका देत होता. पाहुणे परवा येणार. मी जुना भाग काढून टाकला. दचके थांबले. पाहुणे येऊन गेले की परत बसवू, असं मी ठरवलं. ठरवलं होतं हे खरं आहे. पण ते सांगून काही हलकं होत नाही.

आतून त्याने विचारलं, "जीप बघितलीस?"

"बघतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "बघितलीस?"

"बघितली."

"हात खाली घेऊन?"

"हो रे बाबा, हात खाली घेऊन."

मी दोन्ही हातांनी टाइप करत होतो. तो भिंतीपलीकडे ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडला होता. त्याने माझ्याकडून आयुष्यात पहिल्यांदा जीप तपासून घेतली होती, आणि मला ते तेव्हा जाणवलंही नाही.

"मग आबांना देऊन ये," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या आधी. मला जाता येत नाही."

मी मोटारसायकलवरून पेनड्राइव्ह घेऊन गेलो. आबा जेवत होते. डाव्या हाताने भात कालवत होते, घास करत होते, मध्येच त्याच हाताने ताटातली मिरची बाजूला सारत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा हात चालताना मी पाहिलेला तो शेवटचा.

"या पाव्हणं. जेवून घ्या."

"नको आबा, घाई आहे."

"नवी गाडी आणली जनू."

"नवं व्हर्जन आहे. बसवून देतो."

"धुकं ठेवलंय का काढलं?"

"ठेवलंय."

"चालती ना?"

"चालते आबा."

मी बसवलं. पडद्यावर कामशेतचा चौक आला. जीपचा आवाज आला. पाशिंजर हात करताना दिसले. तेवढं बघून मी निघालो. एक बोट टेकवलं असतं तर कळलं असतं. टेबल माझ्या पोटाला लागून होतं.

पुढे काय झालं ते मला तुकड्यांनी कळलं. काही त्याच्याकडून, काही काकूंकडून. इथे सरळ सांगतो.

जेवण झाल्यावर आबा संगणकापुढे बसले. सगळं जागच्या जागी होतं. चौक, आवाज, हात करणारी माणसं. फक्त जीप हलत नव्हती. त्यांनी बोट दाबलं. जोरात दाबलं. पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तुम्हीआम्ही म्हटलं असतं, मशीन बिघडलं. पण आबांच्या घरात ते मशीन कधी बिघडलं नव्हतं. मुलाने आणलेलं प्रत्येक व्हर्जन आधीच्याहून चांगलं निघालं होतं. आणि शरीराचा अर्धा भाग एका सकाळी न सांगता-सवरता जातो, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं.

त्यांनी ठरवलं, डावाही गेला.

मुलाला सांगितलं नाही. त्याचे डोळे आलेत, त्यात आणखी घोर कशाला. पाचचा फोन येत राहिला. तो विचारायचा, "नवी जीप कशी आहे?" आबा म्हणायचे, "झकास हाय." फोन काकू लावून कानाशी धरत होत्या, हे त्याला नंतर कळलं.

दहा-बारा दिवसांनी डोळे बरे झाले आणि तो घरी गेला. काकू आबांना चमच्याने भरवत होत्या. डावा हात मांडीवर पडलेला. त्याने त्याच दिवशी गाडी करून तळेगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, नवा झटका आलेला नाही, हाताला काही झालेलं नाही, वापरा.

आबा म्हणाले, "डाक्टरला काय ठावं? माजी गाडी हालली न्हाई."

तेव्हा तो घरी येऊन संगणकापुढे बसला. उजवा हात मांडीखाली घेतला. जीप हलली नाही.

दोन दिवसांत त्याने ती दुरुस्त केली. आबांना उठवून बसवलं, त्यांचं बोट आपल्या हाताने कीवर ठेवलं. जीप हलली. आबांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गाडी तूच हाकतुयास," ते म्हणाले. "बापाला बरं वाटावं म्हून. आरं, वीस वरसं गाडी चालवली मी. कुणाच्या हातानं चालती ती मला कळतं."

त्यानंतर तो ऑफिसला आला. मला आठवतं, मी मुंबईच्या कंपनीशी फोनवर बोलत होतो. पाहुण्यांना गेम आवडला होता. त्याने माझं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, प्रोग्रॅममधल्या एखाद्या बगबद्दल सांगावं तसं क्रमाने. आणि म्हणाला, "तू चल एकदा. माझं खरं वाटत नाही त्यांना. मी मुलगा आहे, मी लाडाने काहीही बोलेन असं त्यांना वाटतं. पण जीप तिथं बसवलीस तू. तू त्यांचं मन राखायला काही बोलणार नाहीस. तू बसवलीस तेव्हाच ती बंद होती, एवढं तू सांगितलंस, तर ते हात उचलतील."

मी फोन टेबलावर उलटा ठेवला.

"बसवलीस तेव्हा चालत होती का?" त्याने विचारलं.

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. प्रत्येक जण ते दिवसातून पाचदहा वेळा बोलतो. बोलताना खरंखोटं काही वाटत नाही, जीभ आपोआप वळते. मी ते बोललो.

"माझ्याकडे तर चालत होती."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोललोय. माझ्याकडे चालत होती आणि आबांकडे चालली नाही, याचा अर्थ एकच. पण वाक्य निघून गेलं होतं, आणि ते परत घ्यायचं तर आधीची सगळीच परत घ्यावी लागली असती. "बघितली" हे, "हात खाली घेऊन" हे, आणि आबांच्या ताटासमोर उभं राहून म्हटलेलं "चालते" हेही.

तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत अजून थोडी लाली होती.

"असेल," तो म्हणाला.

पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कुठली ओळ कुणी काढली आणि कधी, याची नोंद आमच्या कामात यंत्र आपोआप ठेवतं. जीप दुरुस्त करताना त्याला ती नोंद दिसल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. दिसली नसेल, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. मी चांगला प्रोग्रॅमर नसेन, पण इतका अडाणीही नाही.

आबा त्यानंतर वर्षभर होते. भरवून घ्यायचे. ओट्यावरही बसेनासे झाले. मी भेटायला गेलो नाही. काम होतं, असं म्हणायला जागा होती, कारण काम खरंच होतं. पाचचा फोन मात्र यायचा. "निगाला का?" आवाज बारीक झाला होता. मला टेबलावरून ऐकू येत नसे, पण शब्द माहीत होते.

ते गेल्यावर मी गेलो. ओट्यावर सतरंजी अंथरली होती. काकू माझ्याशी बोलत बसल्या, मी मुलाचा मित्र म्हणून. म्हणाल्या, "हात चांगला होता हो त्यांचा. झोपेत तोंडावर माशी बसली की त्याच हातानं हाकलायचे. मी किती डाव बघितलं. जागं झाले की उचलायचे न्हाईत. मी म्हणायची, आबा, आत्ता हालला तुमचा हात. तर मला म्हणायचे, तू बी आता त्याच्यात सामील का?"

"यानं काही सांगितलं नाही त्यांना?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

"सांगायचा की. रोज सांगायचा. एक दिवस आबांनी त्यालाच इचारलं, त्या पाव्हण्यानं गाडी लावली तवा चालत व्हती का? ह्यानं चष्मा पुसला. मग म्हणाला, तो म्हणतो चालत होती. खोटं बोलायला येत न्हाई ना त्याला. तितनं पुढं आबा काय बोललेच न्हाईत बघा."

आतल्या खोलीत संगणकावर टॉवेल टाकलेला होता. तो दारात उभा राहून येणाऱ्यांना पाणी देत होता. मला दिलं. मी घेतलं.

पाचवं व्हर्जन झालं नाही. मी सुचवलं की आता बाहेरचं तयार इंजिन घेऊ, सगळे तेच वापरतात, आपलं किती दिवस सांभाळायचं. तो वाद घालेल म्हणून मी तयारी करून आलो होतो. तो म्हणाला, "घेऊ." नवं इंजिन त्याने शिकूनही घेतलं. पण ते दुसऱ्याचं घर नीट ठेवल्यासारखं. संध्याकाळी पाच वाजता तो फोन उचलून बघायचा. वाजलेला नसायचा. थोडा वेळ हातात धरायचा आणि खाली ठेवायचा. मग निघायचा नाही. कितीतरी वेळ बसून राहायचा. मीच आधी निघायला लागलो. त्याच्याबरोबर त्या खोलीत पाच वाजता बसणं मला जमत नव्हतं.

त्या दिवसांत मी चार वेळा तरी बोलायचं ठरवलं. एकदा तर सुरुवात केली. म्हटलं, "त्या जीपबद्दल..." त्याने मान वर केली. इतक्या आशेने केली की मी घाबरलो. म्हटलं, "ती आपण नव्या इंजिनवर चढवू या का?"

"नको," तो म्हणाला. "तिला जुनंच बरं."

एका दुपारी त्याने डबा पिशवीत घातला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मी उद्यापासून येत नाही." मी अडवायचं म्हणून अडवलं. कुठे जाणार विचारलं. बघू, म्हणाला. मावशींना नमस्कार केला. त्या त्याला म्हणाल्या, "इंजिन काढून घेतलं म्हणायचं लोणावळ्यात." तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते त्या दिवशी.

मी पवनानगरला गेलो, पण दोन वर्षांनी. या वेळी काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, आबांच्या तक्रारी लिहायचा तसं. घराला कुलूप होतं. काकू म्हणाल्या, बंगळूरला असंल न्हाईतर हैदराबादला, नक्की म्हाईत न्हाई, दिवाळीलाबी आला न्हाई. त्याचा नंबर बंद आहे. कागद माझ्या पाकिटात होता, तो पावसात भिजून गेला. पुन्हा लिहिला नाही, म्हणून आता इथे लिहितोय.

खोल्या सोडताना कपाटात त्याचं रजिस्टर सापडलं. मी सरळ चौथ्या व्हर्जनचं पान काढलं. काय बदललं या रकान्यात बोटांच्या स्पर्शाचं सगळं नीट लिहिलं होतं. काय बिघडलं या रकान्यात एकच नोंद होती.

जीप बंद होती. मी स्वतः बघितलं नाही. चूक माझी.

माझं नाव नव्हतं. कुठेच नव्हतं. खाली दुरुस्तीनंतरची नोंद: जीप चालते. आणि तिच्याखाली, दुसऱ्या शाईने: आबा बसले नाहीत.

त्यापुढची पानं कोरी आहेत.

तो जुना गेम मी माझ्या लॅपटॉपवर ठेवलाय. काल दुपारी, घरात कुणी नसताना, उघडला. मी तो एकदाही खेळलो नव्हतो. इतक्या वर्षांत एकदाही नाही. उजवा हात मांडीखाली घेतला. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं, खांदा वाकडा होतो, बसणारा आपोआप एका बाजूला कलतो. बोट दाबलं. जीप निघाली.

चौकात माणसं भरली. हात करणारा प्रत्येक जण आता चढतो. रस्ता वर जायला लागला आणि धुकं आलं. वळणावर आधी पाटी दिसली, मग बाई दिसली. तिला घेतलं. वरून एसटी आली, तिने बाजू दिली नाही, मी कडेला घेतली. खिंडीचा शेवटचा चढ राहिला होता. जीप भरलेली, आवाज जड झालेला. तो आवाज त्याच्या तोंडाचाच आहे, चारही व्हर्जनमध्ये त्याने बदलला नव्हता. नीट ऐकलं तर मध्ये तो श्वास घेतो तेही कळतं.

मी बोट उचललं. क्षणभर जीप तिथेच थांबली. मग ती आतल्या सगळ्या माणसांसकट धुक्यात मागे मागे घरंगळायला लागली, आणि मी हात मांडीखालीच ठेवून बघत बसलो.